सॅल्यूट बंद

गेटवरच्या शेडग्यांच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं, असं त्र्यंबक राव स्वतःशी म्हणत. खरं म्हणजे त्यांनी ते दिलं नव्हतं. पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास आलेलं पत्र, आणि आता मे महिन्यातलं कत्तिरीचं ऊन चेन्नईतल्या क्रोमपेटच्या गच्च्या भाजून काढत होतं. आज सकाळी सुंदर समोर बसून एक टाइप केलेला कागद टेबलावरून सरकवत होते, तेव्हा रावांना आधी ते पत्रच आठवलं.

"इथं सही, सार," सुंदर तमिळमध्ये म्हणाले. "वाचत बसू नका. सगळं बरोबर आहे."

सुंदर हे अपार्टमेंटच्या असोसिएशनचे अध्यक्ष. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आणि समोरचा माणूस अजूनही काउंटरच्या पलीकडेच उभा आहे अशा थाटात बोलणारे. त्र्यंबक राव सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी सभेत कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं, आणि नको म्हणायला नीटसं वाक्य सापडेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

सारा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला माणूस. वाचू नका म्हटल्यावर त्यांनी कागद वाचलाच. तो सिक्युरिटी एजन्सीला होता. गेटवरच्या चारही माजी सैनिकांना बेशिस्तीबद्दल काढून टाकावं आणि एक तारखेपासून दुसरी माणसं पाठवावीत.

"बेशिस्त म्हणजे…"

"म्हणजे काय? दिसत नाही का तुम्हाला? दोन आठवडे झाले, एकही माणूस सॅल्यूट मारत नाही. गाडी आली की गेट उघडतात आणि खांबासारखे उभे राहतात. माझ्या व्याह्यांसमोर, सार! नवी गाडी घेऊन आले होते ते."

"गेट तर उघडतात."

"गेट रिमोटनंसुद्धा उघडतं! पगार वाढवत नाही म्हणून निषेध करतायत. फौजेतली माणसं! फौजेत असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं की नाही? तुम्ही एवढं वाचता, सांगा."

रावांना नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू पटत होत्या. हातात बंदूक असलेल्या माणसानं पगारासाठी अडून बसू नये, हे पटत होतं. ज्याच्या हाती आपण बंदूक देतो त्याला जगण्यापुरतं द्यावं, हेही पटत होतं. शिवाय शेडग्यांच्या हातात बंदूक नव्हतीच, शिट्टी होती. हे शेवटचं वाक्य बरं होतं, पण ते सुचेपर्यंत सुंदर उठले होते.

"संध्याकाळी येतो न्यायला," ते दारातून म्हणाले. "आणि पेन निळं नको, काळं."

रावांच्या पत्नी हेमलताबाई कॉफीचे टंबलर उचलायला आल्या. त्यांनी सगळं आतून ऐकलं होतं.

"त्या शेडग्यांस तुम्ही उत्तर पाठवलांत का अजून?"

"नाही."

"अय्यो! एका पत्रास इतकं? पंचांग पाहता का काय?"

पत्राची गंमतच होती. गेटवर पगाराविषयी रहिवाशांशी बोलायचं नाही, बोलला तो गेला, असा एजन्सीचा दम होता. म्हणून बाळकृष्ण शेडगे, निवृत्त हवालदार, गाव साताऱ्याकडचं, यांनी गेटवरच्या खुर्चीत बसून पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि रस्त्यापलीकडच्या लाल पेटीत टाकलं. दोन दिवसांनी पोस्टमन ते घेऊन गेटवर आला. ड्यूटीवर शेडगेच होते. त्यांनी आपलंच पत्र हातात घेतलं, नीट पाहिलं आणि सेक्रेटरींच्या टपालाच्या खणात टाकलं. पत्र मराठीत होतं, कारण शेडग्यांना तमिळ येत नव्हतं. मुलाला ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून म्हातारा-म्हातारी इकडे आलेली, आणि साऱ्या अपार्टमेंटमध्ये मराठी बोलणारे म्हातारे एक त्र्यंबक रावच. पत्रात मागणंही फार नव्हतं. एजन्सी म्हणते असोसिएशन देत नाही, असोसिएशन म्हणते एजन्सीला विचारा. तरी आम्हाला एकदा तुमच्या मीटिंगीत उभं राहून बोलू द्यावं.

एवढंच. याला 'या' असं उत्तर द्यायचं होतं. पण रावांचं घराणं तंजावरचं. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी गाव सोडून निघालेली, वाटेत तमिळ शेजाराला राहिलेली. पहिल्याच आठवड्यात शेडगे हसून म्हणाले होते, "साहेब, तुमी बोलता ते कीर्तनातल्या बुवांवानी वाटतं बगा." शेडग्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं हे रावांना आज कळत होतं. त्या दिवशी मात्र ते कानापर्यंत लाल झाले आणि पुढे त्या माणसाशी मान हलवण्यापलीकडे बोललेच नाहीत. मग पत्र आलं. त्यांनी उत्तराचे किती मसुदे केले आणि फाडले! एक जुनाट वाटे, एक सरकारी वाटे. मसुदे फाडता फाडता महिने गेले. आणि शेडग्यांनी, उत्तर नाही हेच उत्तर, असं धरलं.

ऊन चढण्याआधी राव खाली उतरले. लिफ्टमध्ये देविका भेटली. पुण्याची मुलगी, मोटारींच्या डिझाइनमध्ये नोकरी करणारी.

"काका, ते वॉचमनचं काय केलंत? आर्मीवाले असून असं वागतात म्हणजे कमाल आहे. आपण त्यांचा किती रिस्पेक्ट करतो!"

"करतो काय?" राव म्हणाले.

देविकाला वाटलं, काकांना नीट ऐकू आलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "रिस्पेक्ट!" आणि निघून गेली.

गेटवर पाण्याची लॉरी आत घेण्याची धांदल चालली होती. शेडगे उलट्या चालीनं येणाऱ्या लॉरीला हातानं दिशा देत होते. ती खांबाला न घासता आत आली तसे ते वळले आणि त्यांनी रावांना पाहिलं. हात खालीच राहिला.

"तुम्हांस एक विचारायचं आहे," राव मराठीत म्हणाले. "फौजेत असतांत, तर असं केलं असतंत काय?"

"न्हाई." शेडग्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "केलं असतं तर घालवलं असतं मला. आन् बरोबर केलं असतं."

"मग?"

"साहेब, फौजेत हुकूम फौजेचा, तशी माझ्या भाकरीची काळजीबी फौजेची. बूट फाटला तर बूट, पोरगं आजारी पडलं तर दवाखाना. म्हणून मुकाट ऐकायचं. हितं हुकूम तेवढा हाय. बाकीचं कुटं हाय?" त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "आन् एक सांगू का? ते करारपत्र मुलाकडनं वाचून घेतलं मी. गेट, नोंदी, लॉरी, कचऱ्याची गाडी, समदं लिवलंय त्यात. सॅल्यूट कुटंच न्हाई. त्यो आमचा आमी देत हुतो. त्येवढाच थांबवलाय."

एवढ्यात मागून हॉर्न वाजला, शेडगे गेटकडे गेले. जाता जाता म्हणाले, "उत्तर न्हाई आलं तवा मी गेटवरच्या पोरांना म्हणलो, साहेब वाचणारा मानूस हाय, त्येंनीच न्हाई म्हणलं म्हंजे आपलंच चुकत असंल. पर ती ऐकंनात. मग मीबी थांबवला."

दुपारी हेमलताबाई झोपल्या तेव्हा रावांनी कागद घेतला. पंख्याखाली घामानं मनगट कागदाला चिकटत होतं. या वेळी त्यांनी मसुदा केला नाही. आपली मराठी जशी येते तशी लिहिली.

'रा. रा. बाळकृष्णराव शेडगे, हवालदार, यांस. आपलें पत्र पावलें. उत्तरास विलंब जाहला तो केवळ माझ्या संकोचामुळें. आपलें म्हणणें चूक म्हणून नव्हे. रविवारीं सभा आहे. आपण व आपले सोबती यांनीं येऊन बोलावें. आपलें बोलणें मी तेथें उभा राहून तमिळमध्यें सांगेन. तोंवर आपणांस काढण्याच्या कागदावर माझी सही होणार नाही. पुढें काय होईल तें मज सांगतां येत नाही.'

पुन्हा वाचलं. बुवांसारखंच वाटत होतं. 'उभा राहून' पाशी नजर अडली. सभेत ते आजवर बसूनही बोलले नव्हते. खोडावं असं वाटलं, म्हणून घाईनं पाकीट चिकटवून टाकलं.

सुंदर दिवेलागणीला आले. कागद होता तसाच टेबलावर होता.

"सही?"

"रविवारी त्यांचं ऐकू, मग." राव तमिळमध्ये म्हणाले. "सभेच्या विषयांत मी घातलंय."

"कुणाला विचारून?"

"सेक्रेटरीनं घालायचं असतं."

सुंदर त्यांच्याकडे पाहत राहिले. कपाटानं तोंड उघडावं तसं त्यांना वाटलं असणार. "मग राजीनामा द्या! वॉचमन आता भाषणं करणार? उद्या धोबी करेल!"

"देतो. सभा झाल्यावर."

"सगळ्यांना वेड लागलंय या बिल्डिंगीत," म्हणत सुंदर कागद घेऊन गेले. रावांनी त्यांच्या मागे दार लावलं. हेमलताबाईंनी टेबलाच्या खणातून तिकीट काढून दिलं आणि म्हणाल्या, "थुंकी नको, पाणी लावा."

खाली शेडगे अजून ड्यूटीवर होते. पाकीट त्यांच्या हाती देणं दहा पावलांचं काम होतं. पण त्या माणसानं रीतीनं पाठवलं होतं. त्याला उत्तरही रीतीनंच जायला हवं. पत्ता हाच, गेट हेच, नाव हुद्द्यासकट. राव शेडग्यांच्या समोरून गेले, रस्ता ओलांडला आणि लाल पेटीसमोर उभे राहिले. रंग उडालेला, झाकण गंजलेलं. त्यांनी पाकीट आत सोडलं. तळाशी पडल्याचा आवाजही आला नाही, आणि मग नेहमीची शंका आली.

परत येऊन ते गेटपाशी घुटमळले.

"शेडगे, ती पेटी… कोणी उघडतात काय हल्ली? का तशीच आहे?"

शेडग्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं, मग रावांच्या रिकाम्या हाताकडे.

"उघडत्यात, साहेब," ते म्हणाले. "माझं पोचलं हुतं."

त्यांनी एका हातानं गेट उघडून धरलं. दुसरा हात खालीच होता.