जोंगातला हीटर

लातुरात गाडीला हीटर बसवायचा म्हटल्यावर महादेवप्पा मिस्त्री आधी हसला, मग त्याने शेषेरावांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप तर न्हाई," तो म्हणाला. "मग हे काय काढलाव, शेषेराव? इथं माणसं उन्हाळ्यात अंगावर ओला पंचा घेऊन निजत्यात, अन् तुम्ही म्हणायलाव, गाडी तापवा!"

"उन्हाळा कुठं हाय आता? पूस तोंडावर आलाय."

गाडी म्हणजे जोंगा. लष्करातून निवृत्त झालेली, जीपपेक्षा ऐसपैस, हिरव्या रंगाची, कापडी टपाची. लिलावात घेतली तेव्हा औशाच्या शेतावर खतं-बियाणं न्यायला होईल असा शेषेरावांचा हिशेब होता. पण गाडी अंगणात उभी राहिली त्याच रात्री त्यांच्या मंडळी, लक्ष्मीबाई, गोधडी घेऊन तिच्या मागच्या भागात जाऊन निजल्या. तेव्हापासून जोंगा दिवसा शेषेरावांची आणि रात्री बाईंची.

हसू येण्यासारखंच आहे हे, पण हसणाऱ्याने भूकंप पाहिलेला नसावा. त्या पहाटे गावाकडचं त्यांचं दगडमातीचं घर माळवदासकट खाली बसलं. सासूबाई आणि धाकटा दीर आतच राहिले. शेषेराव राखणीला शेतावर होते. लक्ष्मीबाई आणि शाळकरी आरती गणपती बोळवून उशिरा आल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाची झोपमोड नको म्हणून अंगणातच लवंडल्या, आणि तेवढ्याने वाचल्या. बाहेर निजलेलं माणूस वाचतं, एवढा एकच धडा बाईंनी त्यातून घेतला. तो चुकीचा आहे असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

पुढे शेषेरावांनी लातुरात घर बांधलं, चांगलं लोखंड-सिमेंटचं. हे जागचं हलणार नाही, असं इंजिनिअरने छातीठोकपणे सांगितलं. "मागलं तरी कुठं हललं होतं, तवर?" बाई म्हणाल्या. वरच्या खोल्या शिकवण्यांसाठी आलेल्या पोरींना भाड्याने गेल्या. त्या दिवसांत लातुरात ज्याच्या घराला जिना होता तो घरमालक झाला होता. पोरी स्लॅबखाली खुशाल अणुरेणू घोकत झोपी जायच्या. बाई दिवसभर घरात राबायच्या, पण त्या आत असताना दार कुणी लोटायचंसुद्धा नाही, कडी तर लांबच. आणि दिवेलागण झाली की अंगणात.

आता आरतीचं पहिलं बाळंतपण आलं होतं. पहिलटकरणीने माहेरी यायचं हा रिवाज, पण नायगावच्या विहीणबाईंनी निरोप धाडला, की रात्री आईच अंगणात निजणार असेल तर लेकीकडे बघणार कोण? तसं असेल तर इथंच करू. फोनवर आरती वडिलांपाशी रडली. "दादा, माय रात्री माझ्यापाशी असंल, तरच येते मी."

संध्याकाळी लक्ष्मीबाईंनी तोडगा काढला.

"आरतीला अन् लेकराला घेऊन मी जोंगात निजते. मिलिटरीची गाडी हाय, तिघं आरामात मावत्यात. फकस्त गारठ्याचा इलाज करा. बाळंतिणीला ऊब लागती."

शेषेरावांच्या अगदी ओठावर आलं होतं, येडी का खुळी तू? पण त्यांनी ते गिळलं. लेक माहेरी येते की नाही, आणि तिच्या उशाशी तिची माय असते की नाही, हे सगळं आता त्या गारठ्यावर येऊन ठेपलं होतं. म्हणून ही महादेवप्पाच्या गॅरेजची पायरी.

महादेवप्पाने नांदेडच्या एका भंगारवाल्याकडून हीटर पैदा केला. काश्मिरात नोकरी करून आलेल्या गाडीचा आहे, असं भंगारवाल्याने शपथेवर सांगितलं होतं. एक पत्र्याचा डबा, आत रेडिएटरसारखी जाळी, मागे छोटा पंखा. इंजिनातलं कढत पाणी दोन नळ्यांनी डब्यात आणायचं आणि पंख्याने त्याची ऊब आत फेकायची. आपण जन्मात हीटर बसवलेला नाही, हे महादेवप्पाने कबूल केलं, पण केव्हा? तर नळी निसटून ते कढत पाणी त्याच्या पायावर आलं तेव्हा. तो एका पायावर नाचत गॅरेजभर फिरला. मग नळ्यांना नवे क्लॅम्प आवळले आणि हीटर चालू झाला.

शेषेरावांनी भर दुपारी औशापर्यंत चक्कर मारून पाहिली. परत आले तेव्हा सदरा घामाने अंगाला चिकटला होता आणि चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. लक्ष्मीबाईंनी डब्यापुढे हात धरला.

"आता कसं! येऊ द्या आरतीला."

आरती आली. घर भरल्यासारखं झालं. बाईंनी जोंगात गादी घातली, वर जुन्या लुगड्यांच्या मऊ गोधड्या. वरच्या पोरी वाकून वाकून पाहायच्या आणि म्हणायच्या, काकू, आम्हाला पण इथंच कॉट द्या.

दोन-चार दिवसांनी शेषेराव ग्रीसिंगला गेले, तेव्हा महादेवप्पाने सहज विचारलं, "बाळंतिणीला फिरवणार कुठं-कुठं?"

"फिरवायचं कशाला? अंगणात उभी राहणार गाडी. आत निजायचं."

महादेवप्पाने हातातला पाना खाली ठेवला. "शेषेराव, ऊब इंजिनाची हाय. इंजिन बंद केलं की बशीतल्या चहावानी गार. अन् उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून निजायचं तर बिलकुल न्हाई. धूर आत येतो, निजलेलं माणूस उठत न्हाई."

"हे आधी का न्हाई सांगितलाव?"

"तुम्ही कुठं इचारलाव?"

शेषेरावांचं चुकलंच होतं. हीटर तपासला तो औशाहून धावून आलेल्या, तापलेल्या गाडीत. घरी जाऊन सांगायचं ठरवलं, तर माय-लेकी ओसरीत बसून टोपडी शिवत होत्या, हसत होत्या. सांगितलं तर लेक उद्या नायगावला परत. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं, आणि तो उद्या काही उजाडला नाही. त्याआधी आरतीच्या पोटात दुखायला लागलं.

मुलगी झाली. टपोऱ्या डोळ्यांची, भरपूर जावळाची. दवाखान्यातून सोडलं त्या संध्याकाळी हाडं गारठतील असा वारा सुटला होता, पण जोंगात चैत्र होता. आरतीला घाम फुटला. नात आजीच्या मांडीवर गाढ झोपली होती, आणि आजीचं तोंड कौतुकाने बंद होत नव्हतं. शेषेराव मात्र गाडी हळूहळू हाकत होते. घर जवळ आलं तसा त्यांनी वेग आणखी कमी केला.

अंगणात गाडी लागली. वरच्या पोरींनी झरोका उघडा ठेवून आतल्या खोलीत शेगडी पेटवून ठेवली होती. आरती कपडे बदलायला आत गेली. शेषेरावांनी चावी फिरवली. इंजिन थांबलं, पंखा थांबला.

"बंद का करायलाव?"

"उभ्या गाडीत न्हाई चालवता येत. धूर आत येतो. लेकराला घात हाय."

लक्ष्मीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मंग हीटर कशाला बसविलाव?"

कापडाच्या फटींतून वारा आत शिरायला लागला. पोरीला शिंक आली. मग तिने असा टाहो फोडला की गल्लीतली कुत्री उठून बसली. बाईंनी तिला गोधडीत घेतलं, छातीशी धरलं, पदराखाली घेतलं, पोर राहीना. तिचे तळवे गार लागले, आणि लक्ष्मीबाई गाडीतून उतरल्या. शेषेरावांकडे पाहिलं नाही, वर स्लॅबकडेही नाही. अंधार पडलेला असताना तरातरा उंबरा ओलांडून गेल्या.

रडणं थांबलं. शेषेराव दबकत दारापाशी आले. शेगडीजवळ बाई मांडी घालून बसल्या होत्या, नातीचे पाय शेकत होत्या, आणि आरती त्यांच्या खांद्याला टेकून डोळे मिटून बसली होती.

"भायेर काय उभे राहिलाव?" बाई करवादल्या. "दार लावा की! लेकराला वारं लागायलंय."

शेषेरावांनी बाहेरूनच दार ओढून लावलं. आतून बाईंच्या बांगड्या किणकिणल्या, कडी पडल्याचा आवाज आला, तसे त्यांचे डोळे भरून आले, आणि ते तिथेच उभे राहून रडले, हसले. आपली शाल आतच राहिली हे त्यांना मग आठवलं. पण दार वाजवायची काही त्यांची छाती झाली नाही. ते जोंगात चढले, बाईंनी घातलेल्या गादीवर आडवे झाले आणि उरलेल्या गोधड्या अंगावर ओढून घेतल्या.