डाव्या बाजूचं म्यान

नवऱ्याला, बॉइडला, दुपारी माती द्यायची होती, म्हणून आर्लीन सकाळीच खोगीर शिवणाऱ्या व्हर्लिनकाकांच्या दुकानात आली. वायोमिंगच्या त्या गावात चामड्यातलं कळणारे तेवढे एकच. त्याच्या वाढदिवसासाठी दोन महिने लपूनछपून शिवलेलं पिस्तुलाचं म्यान तिनं त्यांच्यापुढे ठेवलं. तिच्या हातचं पहिलंच. ते त्याच्या कमरेला बांधूनच त्याला निरोप द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. बाकी काही सुचत नव्हतं. सकाळची प्रार्थनाही नुसत्या ओठांनीच झाली होती.

"खरं सांगा काका. कीव करू नका."

"कीव कसली? हे टाके बघ, दारू पिऊन घातल्यासारखे. कडा तर घोटून गुळगुळीत केल्याच नाहीस. पण पिस्तुलाच्या अंगावर बसलंय झकास." मग त्यांनी ते आपल्या कमरेला लावून पाहिलं, काढलं आणि दुसऱ्या बाजूला लावलं.

"काय झालं?"

"पोरी, कागदी नमुना चामड्यावर उलटा ठेवून कापलंस. हे डावखुऱ्याचं झालं. नवखे सगळेच फसतात यात. माझ्याकडचं तयार एक देतो, ने."

आता तरी रडू येईल, असं आर्लीनला वाटलं. आलं नाही.

"राहू द्या. डावीकडेच बांधू," ती म्हणाली. "आता त्याला कुठं उपसायचंय?"

काकांनी कडांवरून ओलं बोट फिरवलं आणि लाकडी घोटणीनं त्या घोटायला घेतल्या. ती समोर बसून राहिली.