हाकललेल्या फाइलचा वाडा

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात मांडवगण फराट्याच्या एका फूल संस्थेचे सेक्रेटरी हौशीराम यांनी कॉम्प्युटरमधून एक फाइल हाकलून दिली. चोरून नाही, रीतसर.

हौशीरामांचे आजोबा मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरायचे. त्यांचा रिवाज असा, की आपल्या वाड्यात, म्हणजे कळपात, परकी मेंढी शिरली तर ठेवून घ्यायची नाही. गावात पुकारा करायचा, खूण सांगेल त्याला द्यायची. कुणीच आलं नाही, तर वाटेला लावायची. कॉम्प्युटर चालवणारी सुवर्णा माहेरी यवतला गेली होती. दुपार सुस्त होती, झेंडूच्या ढिगांचा वास पंख्याबरोबर गरगर फिरत होता. हौशीरामांनी पडद्यात डोकावलं, तर आत लिबफॉर्म नावाची एक फाइल. संस्थेत तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला. गावातला म्हाळू तेवढा आला.

"लिबफॉर्म माझीच हाय."

"खूण सांग."

"जरा काळसर हाय."

"मग तुझी न्हाई," हौशीराम म्हणाले, आणि रिवाजाप्रमाणे फाइल पुसून टाकली.

सुवर्णा परतली तेव्हा शेतकऱ्यांच्या फुलांच्या वजनाच्या चिठ्ठ्या काढणारा प्रोग्रॅम उघडेना. लिबफॉर्म सापडत नाही, एवढंच सांगे. चेअरमन बापूसाहेब शांत माणूस. ते म्हणाले, "सोमवारी चिठ्ठी निघाली न्हाई तर हा कॉम्प्युटरचा डबा खोक्यात भरू. आन् सुवर्णा, तू शेडमधी फुलं निवडायला बस. तिथं लाईट गेली तरी अडत न्हाई."

शिरूरला क्लास करून सुवर्णानं ही खुर्ची मिळवली होती. गावात बाईमाणसाची टेबलामागची अशी खुर्ची एकच होती, आणि ती तिची होती.

रविवारी ती कॉम्प्युटरबरोबर आलेल्या सीड्या मांडून बसली. फायली सुट्या येत नाहीत, पॅकेज नावाच्या गठ्ठ्यातून येतात. गठ्ठा कळला की तो पुन्हा घालायचा. पण सीड्यांवर गठ्ठे शेकड्यांनी, आणि लिबफॉर्म नावाचा एकही नाही. फाइल दाखवली तर तिचा गठ्ठा कॉम्प्युटर सांगायचा. आता दाखवायची काय?

हौशीराम अपराध्यासारखे दारात बसले होते.

"आप्पा, तुमच्या वाड्यातली मेंढी गेली, तर कसं कळायचं?" सुवर्णानं त्यांना विचारलं.

"तिची जागा मोकळी ऱ्हायाची. रात्री बाकीच्या मेंढ्या तिथं बसत न्हाईत. आजा त्या मोकळ्या जागंकडं बघूनच सांगायचा, कोण गेली."

सुवर्णा पडद्याकडे बघत राहिली. बाहेर भीमेच्या अंगानं ऊन पाण्यासारखं हलत होतं. तिला वाटलं, त्या काळ्या पडद्याच्या पलीकडे मोठं माळरान आहे. हजारो फायली अंगाला अंग लावून रवंथ करत बसल्यात, त्यांच्या गळ्यातल्या घंटा इतक्या हळू वाजतात की पंख्याचाच आवाज वाटावा. मधे एक वीतभर जागा, तिथलं गवत अजून दबलेलं. त्या जागेवर कुणीही सरकत नव्हतं.

तिनं फाइल नाही हे विसरून, ती असायची त्या जागेचा पत्ता टाकला आणि विचारलं, ही कुणाची?

कॉम्प्युटरनं क्षणभरही विचार केला नाही. फाइल गेली तरी तिच्या जागेची नोंद त्याच्याकडे होती. एनकर्सेस, त्यानं गठ्ठ्याचं नाव सांगितलं.

सीडी आत गेली, बराच वेळ गुणगुणली. लिबफॉर्म एकटी आली नाही. लिबमेनू, लिबपॅनेल, सगळी भावंडं पुन्हा आपापल्या जागी येऊन बसली. प्रोग्रॅम उघडला.

"हे एनकर्सेसवाले कुठले?" हौशीरामांनी विचारलं.

"लई लांबचे, आप्पा."

"त्यांना सांगावा धाड. म्हणावं, चुकून हाकलली व्हती. मनात धरू नका."

"धाडते," सुवर्णा म्हणाली.

सोमवारी बापूसाहेब रिकामं खोकं घेऊनच आले. टेबलापुढे शेतकऱ्यांची रांग लागली होती आणि चिठ्ठ्या करकरत निघत होत्या. एरवी ते आले की सुवर्णा उठून उभी राहायची. आज ती बसून होती.

"साहेब, जरा बाजूला व्हता का? धुरपदामावशी कवाची उभी हाय."

बापूसाहेब खोकं पोटाशी धरून बाजूला झाले.