पत्र्यावरच्या चंद्रकोरी

मी क्लेमची सफाईची, म्हणजे पत्रा गुळगुळीत करायची, हातोडी बोलतेय. हसू नका, पण मी फार लवकर दचकते.

खिळे ठोकणाऱ्या हातोड्या वेगळ्या, मी वेगळी. माझं तोंड रुंद, किंचित फुगीर, कडा गोलावलेल्या, आणि सगळं आरशासारखं घासलेलं. कारण माझ्या तोंडावर जे असेल ते मऊ पत्र्यावर जसंच्या तसं उमटतं. बेंडिगो शहरातल्या या शेडमध्ये क्लेम जुन्या गाड्यांचे पत्रे घडवतो. शनिवारी तो मला चामड्यावर घासतो. मग दुसऱ्या कुणी मला हात लावायचा नाही, हा इथला नियम.

काल, रविवारी, अंगणात मांस भाजायचा बेत होता. वाऱ्याने तंबू उडायला लागला. क्लेमचा जावई डार्सी, तोही इथेच काम करतो, धावत आत आला. हाताला लागले ती मीच. तंबूच्या लोखंडी मेखेवर दाणदाण घाव!

मी दांड्यापर्यंत हादरले. तोंडाच्या कडेला बारीक चंद्रकोर पडली. डार्सीने मला शर्टाला पुसलं, जागेवर टांगलं आणि सॉस मागत निघून गेला.

आज सकाळी क्लेमने मित्राच्या शर्यतीच्या गाडीचा मडगार्ड घेतला. ॲल्युमिनियमचा, रंग न देता चमकवायचा. मला ओरडता आलं असतं तर! प्रत्येक घावाला एक चंद्रकोर, आणि ती उमटवणारी मी.

क्लेमची नजर अधू, पत्रा तो तळहाताने वाचतो. फिरता हात थबकला. मला परवाच घासलेलं, म्हणून माझा संशय त्याला शिवलासुद्धा नाही.

"हे बघ रे, डार्सी. हातोडी तिरकी पडली की अशीच खूण उठते. माझं मनगट गेलं."

"असतो एखादा दिवस, म्हाताऱ्या," डार्सी बुटांकडे बघत म्हणाला.

"दिवस कसला? देवी आल्यासारखा दिसतोय मडगार्ड! बायकोला सांग, तिचा बाप आता टोमॅटो लावणार."

"तुझे टोमॅटो? बकरी हुंगायची नाही."

दोघं हसले. क्लेमचं हसू आधी संपलं. "उद्यापासून शेड तुझी," म्हणत त्याने मला डार्सीच्या हातात दिलं. "हिला जप." आणि पाठ फिरवून तो एप्रनची गाठ सोडू लागला.

डार्सीचा अंगठा माझ्या तोंडावरून फिरतोय. कडेशी येऊन थांबला. त्याचे कान लाल झालेत.

अरे, मला फक्त पत्र्याशी बोलता येतं. तुला माणसांशी येतं ना? गाठ अजून सुटलेली नाही. त्याचा हात धर आणि बोट माझ्या कडेवर टेकव.