राहू द्या

चिठ्ठीची घडी चौपदरी होती आणि तिच्या कडा बोटांनी इतक्या दाबलेल्या होत्या की उघडल्यावरही ती पुन्हा मिटू पाहत होती... तिने ती हजेरीपटावर अंगठ्याने सपाट धरून ठेवली. निळ्या पेनने लिहिलेला एकच शब्द – स्वल्पविराम. गेल्या आठवड्यातल्या चिठ्ठीवरही हाच शब्द होता, पण पेन्सिलीने आणि बारीक. आता तो दोनदा गिरवला होता, आणि खाली, जागा उरली म्हणून लिहावी तशी एक ओळ: 'बाई, आधीची चिठ्ठी हरवली असेल म्हणून पुन्हा देत आहे.'

हरवली असेल. – हरवली कुठे होती? ती चिठ्ठी अजून तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती, वाचून पुन्हा तशीच घडी घातलेली.

वर्गाने पहिल्याच दिवशी तिला 'छोट्या बाई' करून टाकलं होतं. मोठ्या बाई म्हणजे ज्यांचा हा वर्ग, ज्यांच्या हाताखाली ती शिकवायला शिकत होती त्या. उंचीने त्या हिच्या खांद्याला लागत, पण वर्गाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आज मोठ्या बाई मागच्या बाकावर बसून तिचा पाठ बघणार होत्या आणि शेरा लिहिणार होत्या. शेरा चांगला पडला नाही, तर हे सगळं सत्र पुन्हा पहिल्यापासून. पाठटाचणाच्या वर तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं – 'प्रकट वाचन, ऑनलाइन साधनांच्या मदतीने'.

साधनं तर तिने महिनाभरात ढीगभर धुंडाळली होती. एक घुबड होतं, वर्गात गोंगाट वाढला की ते पडद्यावर डोळे वटारायचं. मुलांनी दोन दिवसांत घुबडाचे डोळे जास्तीत जास्त मोठे करण्याची स्पर्धा सुरू केली. एक भिंत होती, तिच्यावर प्रत्येकाने आपापला प्रश्न चिकटवायचा. पहिलाच प्रश्न आला, 'बाई, तास कधी संपणार?' आणि मग हे चक्र सापडलं. रंगीत फाका, प्रत्येक फाकेत एक नाव. बटण दाबलं की टिकटिक करत फिरायचं आणि काट्यापाशी थांबेल त्याने उठून वाचायचं. खरी नावं नकोत, प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं टोपणनाव लिहून द्यावं, ही कल्पना तिची. त्यामुळे चक्रात आता लिंबू होतं, वादळ होतं, अर्धी सुट्टी होती, आणि 'वाघ' या नावावरून दोघांची जुंपल्यामुळे एक वाघ आणि एक खरा वाघ होता. प्रत्येक नाव येऊन गेलं की यंत्र विचारायचं, या नावाचं काय करू? खाली दोन बटणं. ते कोणी मराठीत आणलं होतं कोण जाणे, पण एका बटणावर होतं 'काढून टाका' आणि दुसऱ्यावर 'राहू द्या'.

चिठ्ठी खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीची होती. ती बोलताना अडायची. नेहमी नाही, पण अडली की शब्दाचं पहिलं अक्षर दाराशीच उभं राहायचं, आत येईना, बाहेर जाईना. मोठ्या बाईंनी आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं, "तिला वाचायला उठवू नकोस हं. गेल्या वर्षी उठवली आणि पोरं हसली. दोन दिवस आली नाही शाळेत. लिहिते छान... राहू दे तिला." त्यांना त्या मुलीबद्दल खरोखर माया होती. म्हणून चिठ्ठ्यांवरची नावं चक्रात भरताना तिने हा शब्द टाइप केला, क्षणभर पाहिला आणि एका टिचकीसरशी काढून टाकला. जीव भांड्यात पडला होता तेव्हा तिचा. आपण एका पोरीला वाचवलं, असंही वाटलं होतं.

आणि ती पोर मात्र सबंध तास मान वाकडी करकरून त्या चक्रात आपला शब्द शोधत बसली असणार – उलट्या झालेल्या फाकांतसुद्धा...

राहू दे गं, बस.

हा आवाज मोठ्या बाईंचा नव्हता. फार जुना होता. तिच्या लहानपणीच्या त्या वर्गात चक्र नव्हतं, ओळीने वाचायचं असे. आपल्या पुढे किती जणी आहेत ते मोजायचं, तितकी वाक्यं सोडायची, आपल्या वाट्याचं वाक्य शोधायचं आणि पाळी येईपर्यंत ते मनात घोकायचं, घोकायचं, घोकायचं – आणि उभं राहिलं की वाक्य गायब. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखं होऊन जायचं. बाकावर टेकलेली बोटं पांढरी पडायची. मग बाई म्हणायच्या, किती प्रेमाने म्हणायच्या, "राहू दे गं, बस." पुढे पुढे त्या ती उठायच्या आतच म्हणायला लागल्या. वर्षाच्या शेवटी पाळी आपणहूनच तिच्यावरून उडी मारून पलीकडे जायची, कोणाला काही सांगावंही लागायचं नाही. पहिल्यांदा बसवलं त्या दिवशीचं वाक्य कोणतं होतं, तेही आता आठवत नव्हतं.

घरी ताई होतीच. "तिला काय विचारता, तिचं मी सांगते," म्हणून ताई हिला काय आवडतं, काय दुखतं, कोणता रंग हवा, सगळं सांगून मोकळी व्हायची. नंतर नऊ वर्षं एका कार्यालयात दुसऱ्यांची पत्रं टाइप करण्यात गेली; तिथे बोलावं लागत नसे. तिने शिक्षिका व्हायचं ठरवलं तेव्हा ताई फोनवर हसत सुटली होती. "तू? अगं, वर्गात तोंड उघडावं लागतं!" त्यावर तीही हसली होती, ताईइतकीच.

"झालं का तुझं चक्र?" मोठ्या बाई चष्मा पुसत शिक्षकांच्या खोलीत आल्या.

"झालंय. एक नाव राहिलं होतं, ते घालतेय."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला, लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकून पाहिलं. "स्वल्पविराम... हे कोण?" मग टेबलावरची चिठ्ठी दिसली, अक्षर ओळखीचं निघालं. "तिचं?"

"हो."

"आणि अडली तर? सगळ्यांसमोर?"

"अडेल."

"अगं, मग काय करशील?"

खरं तर हे तिने ठरवलंच नव्हतं. "थांबीन," ती म्हणाली.

"बघ बाई. मला आज शेरा लिहायचाय." त्या काही धमकी देत नव्हत्या, जिना ओला आहे, जपून उतर, असं सांगावं तसं सांगत होत्या.

थांबीन... हा शब्द कुठून आला? मागच्याच आठवड्यात, फळ्यावर विरामचिन्हं लिहिताना, आपणच सांगितलं होतं – स्वल्पविराम आला की थोडं थांबायचं, पण वाक्य संपलेलं नसतं, बरं का. आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या. तिला वाटलं होतं, पोरीने स्वतःला नावं ठेवून घेतली. हातातली चिठ्ठी तिने पुन्हा वाचली. दोनदा गिरवलेलं अक्षर. हा तर विनोद होता! पोरीने केलेला, अगदी झकास विनोद, आणि आपण तो पुसून बसलो होतो. तिला लाज वाटली आणि हसूही आलं.

तास सुरू झाला. चक्र फिरलं, लिंबू उठला आणि धडाधडा वाचून बसला. राहू द्या. चक्र फिरलं, खरा वाघ मांजराच्या आवाजात वाचून गेला. राहू द्या. ती तो लांबलचक शब्द काट्याकडे सरकताना बघायची. शब्द पुढे सरकायचा, मग ती दुसऱ्याच कोणाला तरी उठवायची. तिसऱ्या बाकावर ती मुलगी पुस्तकात बोट ठेवून, बाकाच्या अगदी कडेला येऊन बसली होती. ओठ हलत होते. चक्र सुटलं की ती पुढे वाकायची, थांबलं की मागे टेकायची – हे मागे टेकणं छोट्या बाईंच्या पाठीला तोंडपाठ होतं. सुटलो एकदाचे, म्हणून टेकायचं ते. पण चौथ्यांदा तिने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिथे सुटका कुठेच नव्हती. पोर हिरमुसली होती. आपल्यासाठी पुढे आलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली की मुलं होतात, तशी.

शेवटचं नाव अर्धी सुट्टी निघालं, वर्ग खदखदून हसला आणि घंटा झाली.

बाहेर पळणाऱ्या गर्दीतून ती मुलगी टेबलापाशी आली. "बाई, आज न..."

पुढचं आलं नाही. छोट्या बाईंच्या दातांमागे ते जुने शब्द तयारच होते, मायाळू, घासून गुळगुळीत झालेले. तिने ते तिथेच धरून ठेवले. दाराशी कोणाचा तरी डबा पडला. मुलगी तिच्याकडे बघत होती, तीही मुलीकडे बघत राहिली.

"...नाही आलं," मुलगी म्हणाली.

"नाही आलं. चक्राचा काही नेम नसतो गं."

"पण आहे ना मी त्यात?"

"आहेस."

"मग ब... बरं." आणि ती धूम पळाली.

मोठ्या बाई हातात कागद घेऊन पुढे आल्या. "सुटलीस! माझा इकडे जीव टांगणीला." त्यांनी मनापासून निःश्वास सोडला. "उद्या पुन्हा फिरवणार आहेस?"

"हो."

"तिच्यासकट?"

"तिच्यासकट."

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग शेरा उद्याच लिहिते," असं म्हणून त्या गेल्या.

वर्ग रिकामा झाला. भिंतीवरच्या पडद्यावर चक्र तसंच होतं, खाली ती दोन बटणं. सुटलीस... नाही वाटलं सुटल्यासारखं. इतकी वर्षं तिला आठवायचा तो फक्त भांड्यात पडलेला जीव. त्यानंतरचं काही आठवत नसे. आता ते आठवत होतं. खाली बसल्याबरोबर वाक्य परत यायचं – सगळं, एकही शब्द न गळता. मग मान वर करून मी बाईंकडे बघत राहायचे. आत्ता विचारा. आत्ता येतंय मला. बाई पुढच्या मुलीकडे बघत असायच्या. मला वाचायचं होतं, बाई... थोडं थांबायला हवं होतं तुम्ही.

तिने 'राहू द्या' दाबलं. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाशी जाऊन, बोटं टेकून ती उभी राहिली. समोर पुस्तक नव्हतं. त्याची गरजही नव्हती; पहिल्यांदा बसवलं त्या दिवशीचं वाक्य परत आलं होतं.

"होडी किनाऱ्याला लागली," ती म्हणाली, आणि अडली. दाराबाहेर कोणी तरी चालत गेलं. ती खाली बसली नाही.