छातीवरची खूण

"शर्ट काढा," मॅडम म्हणाल्या.

सटवाजीने बसल्या जागीच बटणं सोडून शर्ट काढला. छातीवर पांढरे केस होते, टाक्यांची खूण एकही नव्हती. डॉक्टरांनी बायपास लांबवू नका म्हणून बजावलं होतं, पण सरकारी आरोग्य योजनेने त्याला नकार दिला होता. संगणकात त्याची बायपास गेल्याच वर्षी झालेली होती. म्हणून त्याने तक्रार केली होती आणि आज परभणीत योजनेच्या अधिकारी मॅडमपुढे ही सुनावणी.

"बघा, कुठं फाडलंय मला?" सटवाजी म्हणाला. "ह्यो डाक्टरचाच कारभार हाय. न्हाईतर तुमच्या कम्प्युटरवाल्याचा."

संशय घेण्यात सटवाजीचा हात धरणारा पेडगावात कुणी नव्हता. नारळ घ्यायचा तर दोन दुकानांत कानाशी हलवून बघणार आणि तिसऱ्यात घेणार. घरचा चहासुद्धा, दूध कुणाकडचं हे बायकोला, कस्तुराबाईला विचारल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. विश्वास काय तो धाकट्या भावावर, बन्सीधरवर. आताही दादाला दम लागतो म्हणून तोच पिशवी धरून मागच्या बाकावर बसला होता.

"मग कार्ड कुणाला दिलं होतं?" मॅडमही कमी संशयी नव्हत्या.

"कुनालाच न्हाई! ट्रंकेत असतंय."

त्यांनी संगणक त्याच्याकडे फिरवला. "हा ऑपरेशनच्या दिवशीचा फोटो."

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. वर दिसत होत्या फक्त मधोमध जुळलेल्या दाट भुवया, थेट सटवाजीच्या बापासारख्या. गेल्या वर्षी बन्सी महिनाभर पालमला सासुरवाडीला राहिला होता. परत आल्यापासून विहिरीवर अंघोळीला म्हणून आला नव्हता.

"ओळखता का?"

"न्हाई," सटवाजी म्हणाला.

मागचं बाक करकरलं. बन्सीधर शर्टाची बटणं सोडत पुढे आला. गळ्याखालून सरळ खाली जाड व्रण गेला होता.

"दादा, रेशनकार्ड वायलं केल्यापसून माझं नाव योजनेत कुठंच न्हवतं. जीव चालला होता रे. तुलाबी कार्ड लागंल, असं वाटलंच न्हाई."

मॅडमनी संगणक परत स्वतःकडे फिरवला. "काका, तुमचं ऑपरेशन आता होईल. पण यांच्यावर गुन्हा दाखल करावा लागेल. हे कोण तुमचे?"

सटवाजी उघड्या अंगानेच उठला. त्याने बन्सीधरची बटणं लावायला घेतली, खालून वर, व्रण पार झाकेपर्यंत.

"कोन हाय की. मी वळखत न्हाई ह्याला," तो म्हणाला. "तक्रार माघारी घ्यायलोय मी, मॅडम."

मग बन्सीची कॉलर सारखी करून तो स्वतःचा शर्ट शोधू लागला.