न वाचलेला जबाब

"मारताना बघितलं, असं मी कवा म्हनले साहेब?" बुवापाड्याच्या गोजरबाई टेबलासमोर उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसत नव्हत्या. "पुतळाबाईला वकिलानं कागद वाचून दाखवला. तिचा कमलेश माझ्यामुळं आत गेला म्हनते. पंधरा वर्सांचा शेजार, आता माझं तोंड बघत न्हाई."

हवालदार हरिचंद्र भोईरांनी फाईल उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती. कोणता जबाब, ते बाईंच्या पहिल्या वाक्यालाच त्यांच्या लक्षात आलं होतं.

बाई त्या दिवशी काय म्हणाल्या, ते त्यांना चांगलं आठवत होतं. नळावर भांडण झालं. त्या बाहेर आल्या तेव्हा पाड्यातला मुकेश मार लागून पडला होता आणि कमलेश त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पोलीस ठाण्यात नुकतंच ते जबाब लिहून देणारं एआय आलं होतं. आधी त्यात फिर्याद घातली, मग बाईंचं बोलणं, आणि दोन मिनिटांत जबाब तयार! त्यानं तो फिर्यादीशी जुळवूनच टाकला: ‘कमलेश याने लोखंडी सळई मारताना मी पाहिले.’ खाली शेवटचं वाक्यही त्यानंच घातलं: ‘जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’

वाचून कोणी दाखवलाच नव्हता. सव्वीस वर्षं हातानं जबाब लिहिले, एकही न वाचता सोडला नाही, याचा भोईरांनी केवढा तोरा मिरवला होता. पण त्या दिवशी कुळगावला पुतणीची, स्वप्नालीची हळद होती. तासाभराचं काम वाचलं म्हणून गडी खूश. मंडपात बँजोवर नाचला, वर पाहुण्यांना सांगत सुटला, "आता जबाब लिहायला मशीनच आपला रायटर हाय!" त्या वेळी कमलेश कोठडीत होता. अडीच महिने झाले, अजून आतच होता. भोईरांना स्वतःचीच लाज वाटली.

शेजारच्या टेबलावरून फौजदार माधवीमॅडम हळूच म्हणाल्या, "भोईर, चार्जशीट कोर्टात गेलीय. आता हे उकरलंत तर चौकशी तुमचीच लागेल. आठ महिने राहिलेत, शांतपणे रिटायर व्हा ना."

मॅडम भल्यासाठीच सांगत होत्या. आठ महिने मान खाली घालून काढले असते, तर कोणी विचारलंही नसतं.

भोईरांनी कोरे कागद ओढले. "मावशी, पहिल्यापासून सांगा."

बाईंनी तेच सांगितलं, जसंच्या तसं. भोईरांनी हातानं लिहिलं. दुसऱ्या कागदावर ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या नावे रिपोर्ट लिहिला: मागील जबाब मी साक्षीदारास वाचून दाखवला नव्हता, चूक माझी आहे. मग दोन्ही कागद मोठ्यानं वाचले. मॅडमनाही ऐकू गेले.

"म्हंजे तवा वाचलंच न्हवतं?"

"नाही मावशी."

"वाचलं असतं तर मी तवाच सांगितलं असतं की."

"हो."

बाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर भोईरांना बरं वाटलं असतं. मग त्या पुढं वाकल्या. "अंगठा कुठं लावू?"

"पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर कायद्यानं साक्षीदाराचा अंगठा घेत नाहीत, मावशी. तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय, याची जबाबदारी माझी. म्हणून माझी सही."

पेन टेकवलं, तर पंख्याच्या वाऱ्यानं कागद हलू लागला. गोजरबाईंनी हात पदराला पुसला आणि त्यांना नीट सही करता यावी म्हणून कागदाचा कोपरा दाबून धरला.